घरट्यापासून लांब राहून पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत: विदर्भातल्या शेतशिवारासाठी

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत वखरलेल्या वावरात टिटवी अंड्यांवर बसलेली दिसली, तर ती अंड्यांना ऊब देत नसते, त्यांच्यावर सावली धरत असते. अंड्यातल्या जिवाला साधारण ३६ ते ३८ अंश मानवतात. ढेकळांमधली उघडी जमीन दुपारी याच्या कितीतरी पुढे तापते. म्हणून टिटवी जवळच्या बोडीवर (छोट्या तळ्यावर) जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते. तुम्ही फोटोसाठी जवळ गेलात आणि ती वीस मिनिटं लांब राहिली, तर अंडी आतल्या आत शिजतात. बाहेरून ती तशीच दिसतात. टिटवी पुढेही कित्येक दिवस त्यांच्यावर बसते आणि नुकसान झालंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अंडं थोडा वेळ थंड झालं तर सावरतं, तापलं तर सावरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घरट्याचे फोटो काढणाऱ्याने सगळ्यात आधी एवढं समजून घ्यावं.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात फोटोग्राफीसाठी वेगळी परवानगी लागते. या लेखातलं सगळं गावाच्या शिवारापुरतं आहे: धुरे (शेतांचे बांध), बांध्या (धानाचे वाफे), विहिरी, नाले, बोड्या, मालगुजारी तलावांचे काठ. तिथेही आधी वावराच्या मालकाला विचारून घ्यावं. कुठल्या धुऱ्यावर काय बसतं ते त्यालाच जास्त ठाऊक असतं.

कोणता पक्षी, कोणता महिना

विदर्भात विणीचे दोन मोठे हंगाम दिसतात. पहिला फेब्रुवारी-मार्चपासून मृगाच्या पावसापर्यंतचा. टिटवी, वेडा राघू, नीलपंख, राखी धनेश, हरियाल हे या काळातले. वैनगंगेच्या वाळूच्या बेटांवर घरटी करणारा नदी सुरयही यातच येतो. दुसरा हंगाम पावसाबरोबर येतो: सुगरण, नवरंग, पाणकोंबड्या आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत सारस.

सुरुवात करायची तर सुगरणीपासून करावी. विहिरीवर किंवा नाल्यावर वाकलेल्या बाभळीला, शिंदीला तिची वसाहत असते. घरटं विणतो तो नर. अर्धं झालेलं घरटं उलट्या टोपीसारखं दिसतं आणि मधोमध एक आडवी पट्टी असते. मादी येऊन घरटं पाहते. तिला पसंत पडलं तरच नर पुढची नळी विणतो, नाही तर ते तसंच सोडून देतो. या टोपीच्या अवस्थेत आत अंडी नसतात, नर दिवसभर पाती आणत राहतो, आणि माणसांच्या येण्याजाण्याची त्याला सवय असते. विहिरीच्या पलीकडच्या काठावर, १५ ते २० मीटरवर बसलात तर तो कामात खंड पडू देत नाही. झाडाखाली मात्र जाऊन उभं राहू नका. आणखी एक सोय आहे. ही घरटी बहुतेक वेळा झाडाच्या पूर्वेकडे असतात, कारण नैऋत्येचा पाऊसवारा तिथे कमी लागतो. त्यामुळे सकाळचं ऊन थेट घरट्यांवर पडतं.

नवशिक्याने काही पक्ष्यांच्या वाटेला जाऊच नये. वाळूच्या बेटावरचे नदी सुरय त्यांपैकी एक. त्यांची अंडी वाळूत वाळूसारखीच दिसतात आणि पाय पडून फुटतात. फोटो हवाच असेल तर डोंग्यातून, बेटावर पाऊल न ठेवता, तेही सकाळी. मेळघाटातल्या रानपिंगळ्याच्या ढोलीचा नाद तर सोडूनच द्यावा. १९९७ मध्ये तो पुन्हा सापडला तोवर शंभरावर वर्षं हा पक्षी नामशेष झाला असं मानलं जात होतं. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फटीतून भरवतो. नर घाबरून फेऱ्या टाळू लागला तर आत मादी आणि पिल्लं उपाशी राहतात. म्हणून धनेशाचे फोटो तो वड-उंबराची फळं खातो त्या झाडावर काढावेत, ढोलीजवळ नको.

घरट्याची कोणती अवस्था

जोडी घरटं बांधत असेल किंवा नुकतीच अंडी घातली असतील, तर पक्षी सहज घरटं सोडून देतो. अजून त्याने फारसं काही गुंतवलेलं नसतं, दुसरीकडे नव्याने सुरुवात करणं त्याला परवडतं. या दिवसांत फोटो नकोतच. सुगरणीच्या नराचा अपवाद वर आला आहे.

पिल्लं बाहेर आली की आईबाप घरट्याला चिकटून राहतात आणि फेऱ्याही वाढतात. पण पहिले चार-पाच दिवस पिल्लं उघडीनागडी असतात, त्यांना अंगाची ऊब किंवा सावली सतत लागते. डोळे उघडून पंखांवर पिसांच्या नळ्या दिसू लागल्या की फोटोचे दिवस सुरू झाले असं समजावं. बुलबुलाच्या पिल्लांचे हे दिवस साधारण सहाव्यापासून नवव्यापर्यंत. मग पुन्हा थांबायचं, कारण उडायच्या बेताला आलेली पिल्लं घाबरली तर वेळेआधीच घरट्यातून उड्या टाकतात. खाली पडलेलं अर्धवट पिल्लू मुंगसाच्या नाहीतर मांजराच्या तोंडी जातं. पुष्कळ घरटी अशी शेवटच्या दोन दिवसांत वाया जातात. फोटो काढणारा मात्र पिल्लं उडाली म्हणून खुशीत घरी येतो.

पिल्लांचं वय बघायला घरट्यात डोकावायचं नाही. आईबाप चोचीत अन्न घेऊन यायला लागले तो दिवस वहीत लिहा आणि तिथून मोजा. आधी लहान, मऊ अळ्या येतात, मग मोठे नाकतोडे. अन्नाच्या आकारावरूनही अंदाज लागतो.

टिटवीचा हिशेब वेगळा. तिची पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत चालू लागतात, घरटं संपतंच. मग पिल्लांच्या मागे वावरात फिरायचं नाही. गाडीतून किंवा धुऱ्यावर बसून ती स्वतःहून जवळ येतील तेवढंच पाहायचं.

अंतर आणि लेन्स

जवळ जाण्याची हाव बहुधा लेन्सचं गणित न केल्यामुळे होते. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यात फोटो टिपणारा भाग. त्याच्या लहान आकाराला क्रॉप सेन्सर म्हणतात, त्याची रुंदी साधारण २३.५ मिमी धरा. ४०० मिमी लेन्सने २० मीटरवर पाहिलं तर चौकटीत सुमारे ११७ सेंमी रुंद जागा मावते. टिटवी ३३ सेंमीची, म्हणजे चौकटीच्या पाव भागाहून जास्त. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर पक्ष्यावर जवळजवळ १,७०० पिक्सेल पडतात. ६०० मिमीने ४० मीटरवरूनही १,२५० पिक्सेल मिळतात. मोबाईलवर पाहायला आणि पोस्टकार्डाएवढ्या छपाईला एवढं पुरतं. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तीच लेन्स दीडपट जास्त रुंद जागा दाखवते, हे लक्षात ठेवा. १००-४०० किंवा १५०-६०० ची झूम लेन्स आणि क्रॉप सेन्सरची बॉडी ही जोडी या कामाला सगळ्यात सोयीची. मोठ्या झूमचा साधा ब्रिज कॅमेरासुद्धा सकाळच्या उजेडात चांगलं काम देतो. मोबाईलने घरट्याचा फोटो मात्र काढूच नये, कारण त्यासाठी हात घरट्यापर्यंत न्यावा लागतो.

उन्हाळ्यात नऊ वाजल्यानंतर लांबून काढलेले फोटो मऊ, म्हणजे धूसर आले तर दोष लेन्सचा नसतो. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, आणि कॅमेरा जमिनीलगत असेल तर हे आणखी वाढतं. महागडी लेन्स घेऊनही ते जात नाही. म्हणून जमिनीवरच्या घरट्यांसाठी एप्रिल ते जून या काळात उजाडल्यापासून साडेआठपर्यंतचीच वेळ ठेवावी. पक्ष्याला सोसवते तीच वेळ फोटोलाही चांगली असते.

कॅमेरा घरून निघतानाच नीट लावून घ्या. बीप बंद. फोकससाठी लागणारा छोटा दिवा बंद. फोटो काढल्यावर मागच्या पडद्यावर तो आपोआप उजळतो, तेही बंद. फ्लॅश कधीच नाही. इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर घरट्याजवळ तोच वापरा, पण भराभर फडफडणारे पंख त्यात वाकडे येतात. उडतानाचे फोटो हवे असतील तर ते घरट्यापासून दूर, मेकॅनिकल शटरने घ्या. बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद पुरतं. भरवतानाची हालचाल पकडायला १/१६०० ते १/२०००. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ऑटोवर ठेवून ३२०० ची मर्यादा घालावी. पांढरा बगळा असेल तर एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) पाऊण स्टॉप कमी करा; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. उजळ आभाळासमोर काळा पक्षी असेल तर एक स्टॉप वाढवा.

बसण्याआधी अर्धा तास नुसतं पाहणं

हा टप्पा जवळजवळ सगळे टाळतात. घरट्यापासून ५० मीटरवर, झाडाच्या किंवा पऱ्हाटीच्या आडोशाला बसा आणि कॅमेरा पिशवीतच ठेवा. ८×४२ ची दुर्बीण असेल तर उत्तम. अर्ध्या तासात आईबाप किती वेळा आले, कोणत्या फांदीवर आधी टेकले, कोणत्या बाजूने शिरले, बाहेर कुठून पडले, सगळं लिहून घ्या. पुढचा सगळा हिशेब या आकड्यांवर चालतो. समजा अर्ध्या तासात सहा फेऱ्या झाल्या. तुम्ही पाच मीटर पुढे सरकून बसल्यावर पुढच्या अर्ध्या तासात तीनच झाल्या, तर तुम्ही मर्यादा ओलांडली आहे. मुकाट दहा मीटर मागे या. फेऱ्या सहाच राहिल्या, तर पंधरा मिनिटं तिथेच थांबून आणखी पाच मीटर पुढे. अंतर असं पक्ष्याला ठरवू द्यायचं. फीतपट्टीने ठरवलेलं अंतर एका जोडीला चालतं, दुसरीला चालत नाही.

सरळ घरट्याकडे चालत जाऊ नका. रोखून पाहत, दबकत पुढे येणारा माणूस पक्ष्याला शिकाऱ्यासारखा वाटतो. निंदण करणाऱ्या बायका घरट्यापासून दहा मीटरवर काम करत असतात आणि बुलबुल निवांत बसून राहतो, कारण त्यांचं लक्ष खाली असतं. तिरकं चाला, नजर दुसरीकडे ठेवा, मध्येच वाका. बैलबंडी किंवा चारचाकी तर आयताच आडोसा आहे. इंजिन बंद करून तिच्यातच बसून राहा, खाली उतरलात की पक्षी उडतो.

पायवाट घरट्यापाशी संपू देऊ नका. तुडवलेल्या गवताची रेघ आणि तुमचा वास या दोन्हींचा माग मुंगूस, घोरपड, मांजर काढत येतात. घरट्याच्या बाजूने पुढे निघून जा आणि वळसा घालून परत या. आसपास कावळा, टकाचोर किंवा भारद्वाज बसलेला असेल तर त्या दिवशी थांबूच नका. माणूस कुठे घुटमळतोय हे कावळा बरोबर हेरतो.

आणि फांद्या! समोर आलेली डहाळी तोडू नका, पानं खुडू नका, दोरीने बाजूलाही बांधू नका. पक्ष्याने ती जागा त्या पानांच्या सावलीसाठीच निवडलेली असते. पान गेलं की घरट्यावर ऊन येतं आणि वरून कावळ्याला अंडी दिसतात. बसण्याची जागा बदला. तरीही कोन मिळत नसेल तर ते घरटं सोडा.

वेडा राघू: घरट्याकडे पाठ

वेड्या राघूची गोष्ट जरा लांबवून सांगायला हवी, कारण बाकी पक्ष्यांच्या बाबतीतही ती उपयोगी पडते. नाल्याच्या दरडीत, कधी सपाट वाळूतही तो लांब बीळ करतो. बिळाच्या वरून चाललात तर छत आत बसतं आणि पिल्लं गाडली जातात. म्हणून दरडीच्या माथ्यावर उभं राहायचं नाही, समोरच्या काठावर बसायचं.

जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पक्ष्यावर २००२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. माणूस बसला आहे तिथून बिळाचं तोंड दिसत असेल तर हा पक्षी बिळात शिरायला कचरतो. माणूस तेवढाच जवळ असला, पण त्याला तोंड दिसत नसेल, तर पक्षी जास्त निर्धास्तपणे शिरतो. आपल्याला काय दिसतंय याचा तो अंदाज घेतो. तेव्हा बिळाचं तोंड झुडपाआड किंवा दरडीच्या वळणाआड जाईल, पण तो बिळात शिरण्याआधी बसतो ती काटकी किंवा तार दिसेल अशी जागा शोधा. चतुर नाहीतर मधमाशी चोचीत धरून तो त्या काटकीवर बसतो, शिकार आपटतो, मान वळवून आजूबाजूला पाहतो. सगळ्यात सुंदर फोटो तिथेच मिळतो. बिळाच्या तोंडाशी फक्त शेपटी मिळते. १२ ते १५ मीटर अंतर आणि ४०० मिमी लेन्स पुरे.

लपण लागलंच तर

बहुतेक वेळा लपणाची, म्हणजे आत लपून बसायच्या कापडी खोपटाची, गरज नसते. तरी पिल्लांना भरवतानाचे फोटो पंधरा मीटरवरून घ्यायचे असतील तर ते नीट करावं. साडेपाच फुटांचे चार बांबू, त्यांतला एक फूट जमिनीत. वर चार फूट बाय चार फुटांची चौकट. ४८ इंच पन्ह्याचा मातकट मांजरपाट आठ मीटर घेतला की चारही बाजू आणि छत होतं. बारदानही चालतं. कापड ताणून बांधा आणि खालची कड दगड-मातीने दाबा. वाऱ्यावर फडफडणारं कापड माणसापेक्षा जास्त घाबरवतं, आणि बहुतेकांची लपणं इथेच फसतात. लेन्ससाठी १५ सेंमीचं भोक ठेवून त्याला कापडाची बाही शिवा. डोकवायच्या फटीला आतून जाळी लावा.

हे सगळं एका दिवसात घरट्यासमोर उभं करायचं नाही. पहिल्या दिवशी ४० मीटरवर, नुसतं गुडघाभर उंच. दुसऱ्या दिवशी तिथेच पूर्ण उंची. तिसऱ्या दिवशी २५ मीटर, चौथ्या किंवा पाचव्या दिवशी १५. प्रत्येक वेळी काम पंधरा मिनिटांत आटपा आणि लांब जाऊन फेऱ्या मोजा. फेऱ्या कमी झाल्या तर लपण मागे घ्या. लेन्सच्या भोकात काळा रंग दिलेला पाइपचा तुकडा पहिल्यापासून ठेवून द्या, म्हणजे खऱ्या लेन्सचं काळं तोंड पक्ष्याला नवीन वाटत नाही. आत जाताना दोघांनी जावं. एक आत बसतो, दुसरा पक्ष्याच्या डोळ्यांदेखत निघून जातो. पक्षी माणसं मोजत नाही, धोका गेला असं समजतो. बाहेर पडतानाही दुसऱ्याने येऊन न्यावं.

आत ३० ते ४० मिनिटं, दिवसातून एकदा, एक दिवस आड, आणि एका घरट्यावर एकूण तीन बैठका. पहिल्या दहा मिनिटांत आईबाप आले नाहीत तर उठा. ऊन किंवा पावसाची चिन्हं असतील तर पाचच मिनिटं.

लपणात बसलेल्या माणसाची काळजीही सांगायला हवी. ताडोबा, ब्रह्मपुरी, नागभीडच्या जंगलालगतच्या शिवारात वाघाचा वावर असतो. वाकून, लपून बसलेल्या माणसाची गफलत तिथे जिवावर बेतते. अशा ठिकाणी लपण लावूच नका, गाडीतूनच काढा. पहाटे अंधारात वावरात शिरू नका. रानडुकरांसाठी तारेत वीज सोडलेली असू शकते, आदल्या दिवशी मालकाला विचारून ठेवा. पावसाळ्यात गमबूट घाला. वीज कडाडू लागली की झाडाखालून निघा.

पक्षी त्रासलाय हे कसं कळतं

चोचीत अन्न घेऊन आलेला पक्षी घरट्यात न शिरता या फांदीवरून त्या फांदीवर उडत राहिला, तर तो तुमच्यामुळे अडला आहे. सतत एकसुरी ओरडणं, शेपटी झटकणं, तुरा ताठ करणं, आणलेली अळी शेवटी स्वतःच गिळणं, ही सगळी तीच खूण. टिटवी पंख मोडल्यासारखा ओढत तुमच्यापुढे लंगडत चालली तर तुम्ही अंड्यांच्या अगदी जवळ आहात. तिचे फोटो काढत तिच्यामागे जाऊ नका. पाय कुठे पडतोय ते पाहत, आल्या वाटेने मागे फिरा.

खरी फसगत होते ती दबून बसणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत. रातवा पाच फुटांवरही हलत नाही. तो शांत आहे असं वाटून माणसं आणखी वाकतात. तो आपल्या रंगावर भिस्त ठेवून जीव मुठीत धरून बसलेला असतो, आणि शेवटच्या क्षणी उडतो तेव्हा अंडी उधळू शकतात.

सारसाबद्दल

महाराष्ट्रात सारस आता मुख्यत्वे गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत उरले आहेत. रोवणीनंतर ते बांधीतच धान आणि गवत रचून मोठं घरटं करतात, बहुधा दोन अंडी घालतात, आणि नर-मादी आळीपाळीने महिनाभर बसतात. बांधीत उतरू नका. धुरा किंवा रस्ता सोडू नका. १५० मीटरच्या आत जाऊ नका. उंच पक्षी असल्याने तेवढ्या अंतरावरूनही चांगला दिसतो. पाळी बदलताना दोघं उभे राहतात आणि माना उंचावून एकत्र ओरडतात. त्यासाठी सकाळी तास-दोन तास बसायची तयारी ठेवा. घरट्यापायी शेतकऱ्याच्या धानाचा एक तुकडा जातो. वरून तुमच्यामागोमाग दहा गाड्या आल्या तर पुढच्या वर्षी तो घरटं होऊच देणार नाही.

म्हणून ठिकाण सांगू नका. मोबाईलमधलं आणि कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गावाचं, तलावाचं नाव टाकू नका. ओळखू येईल असा मागचा डोंगर किंवा देऊळ चौकटीत आलं असेल तर ते कापा. फोटो पिल्लं उडून गेल्यावर महिन्याने टाकला तरी काही बिघडत नाही. पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग घरट्याजवळ वाजवायचं नाही. ड्रोन उडवायचा नाही. सारसच काय, घारही ड्रोनला शिकारी पक्षी समजून घरट्यावरून उठते.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर

अंगावर पिसं असतील, शेपटी आखूड असेल आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकत आहे. आईबाप आसपासच असतात. कुत्रं-मांजर जवळ असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. पिल्लू उघडं असेल आणि घरटं हाताशी असेल, तर अलगद परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खरा नाही. घरटंच खाली आलं असेल तर तळाला भोकं पाडलेल्या टोपलीत ठेवून ती त्याच झाडाला, सावलीत, शक्य तितक्या त्याच उंचीवर बांधा, आणि ५० मीटरवरून तासभर पाहा. या वेळात फोटो नकोत. आईबाप आलेच नाहीत, किंवा पिल्लू जखमी असेल, तर पाणी-दूध चोचीत ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पिल्लू खोक्यात, अंधारात, सावलीला ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.